‘मेइवाकु’ आणि नऊ कलमे

जपान-चीन संबंधांवर लिहिणारे २५ सप्टेंबर १९७२ च्या मेजवानीचा किस्सा हटकून सांगतात. बीजिंगमधील भाषणात जपानी पंतप्रधान काकुएई तानाका यांनी चिनी जनतेला झालेल्या त्रासासाठी ‘मेइवाकु’ हा शब्द वापरला. चिनी भाषांतरात त्या जागी ‘माफान’ आले. माफान म्हणजे तसदी. बाईच्या कपड्यांवर पाणी उडाले तर म्हणायचा हा शब्द, असे चौ एन-लाय यांनी दुसऱ्या दिवशी सुनावले. आपल्याकडे गाडी उशिरा आल्यावर फलाटावर ऐकू येणाऱ्या दिलगिरीच्या जातीचा!

याचे खापर भाषांतरावर फोडण्याची रीत मला पटत नाही. ‘मेइवाकु’ला अधिक वजन आहे, हे खरे, तानाकांनीही तेच समजावले. पण जपानीत माफीचे याहून स्पष्ट शब्द होते आणि ते टाळले गेले. तानाकांच्या स्वतःच्या पक्षात तैवानचे पाठीराखे बसले होते. (माओंनी तानाकांना भेट दिलेल्या ‘चू-त्स’च्या सटीक प्रतीत या शब्दाचा धागा शोधणारे अभ्यासक आहेत. मला तो ताणलेला वाटतो.)

२९ सप्टेंबरला सह्या झालेले नऊ कलमी संयुक्त निवेदन मात्र शब्द तोलून लिहिलेले आहे. पहिल्या कलमात ‘युद्धस्थिती’ नव्हे, ‘असामान्य स्थिती’ संपते. १९५२ मध्ये तैपेईशी केलेल्या तहानेच युद्ध संपले, ही जपानची भूमिका. चीनला तो तहच अमान्य. ‘युद्धस्थिती’ म्हणून प्रस्तावनेत सरकवली, तीही दोन्ही जनतांच्या इच्छेच्या रूपात. तैवान आपला भूभाग आहे हे चीनचे म्हणणे जपान ‘पूर्णपणे समजतो आणि त्याचा आदर करतो’; ‘मान्य करतो’ असे कुठेही नाही. पाचव्या कलमात चीनने युद्धभरपाईची मागणी सोडली.

ही कारागिरी मला मान्य आहे. कायद्याच्या पेचात संदिग्धता शोभते. पण तीच काटकसर दुःखाच्या वाक्यातही केली गेली. प्रस्तावनेत जबाबदारीची तीव्र जाणीव आहे, ‘हानसेई’ म्हणजे आत्मपरीक्षण आहे, माफी नाही. भरपाई सोडून देणाऱ्या शेजाऱ्याला एवढा एक शब्द देणे जड नव्हते, आणि तेव्हा तो स्वस्तात गेला असता.

१९९५ मध्ये मुरायामांनी ‘ओवाबी’, म्हणजे माफी, उच्चारली. ऑक्टोबर १९९८ मध्ये दक्षिण कोरियाला ती लेखी मिळाली. पुढच्याच महिन्यात टोकियोत आलेल्या जियांग झेमिन यांना ओबुचींनी ती फक्त तोंडी दिली. जाहीरनाम्यात ‘हानसेई’च राहिली. त्या जाहीरनाम्यावर दोघांनीही सही केली नाही.