सगळेच पापी? रमाबाईंची साक्ष, रिद्धपूर आणि ‘कृपा’ हा शब्द

भक्तिसाहित्य किंवा तुलनात्मक धर्म हा विषय घेतलेल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘सर्वच धर्मांत ईश्वरकृपेने मोक्ष मिळतो.’ वाक्य चूक नाही, पण त्यावर प्रबंध उभा राहत नाही. कृपा हे औषध आहे. मग आधी विचारायला हवं की रोग कोणता मानलाय? आजच्या पोस्टमध्ये हाच प्रश्न घेऊन एक मजकूर वाचू: पंडिता रमाबाईंची १९०७ सालची इंग्रजी साक्ष, ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’.

आधी थोडी पार्श्वभूमी. ख्रिस्ती विचारात ‘पाप’ म्हणजे नुसती वाईट कृत्यांची यादी नाही. पौलाच्या पत्रांपासून एक मुद्दा चालत आलाय: माणूस चुका करतो म्हणून पापी ठरतो असं नाही, तो मुळातच देवापासून तुटलेला आहे आणि चुका त्यातून येतात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन आणि पेलागियस यांचा वाद झाला तो इथेच. पेलागियसचं म्हणणं, माणूस ठरवलं तर चांगलं वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, ते ठरवणारं मनच बिघडलंय, त्यामुळे सुरुवात देवाकडूनच व्हावी लागते. सोळाव्या शतकात ल्यूथरने हाच धागा आणखी ताणला: तारण कर्माने नाही, केवळ कृपेने, विश्वासाच्या द्वारे. रमाबाई ज्या भाषेत बोलतात ती इथून आलेली आहे.

आता साक्ष. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण त्या स्वतः सांगतात की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. तो मिळाला सुमारे आठ वर्षांनंतर. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्रीचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस आधीच पाद्री होता आणि तरीही नंतर ‘परिवर्तित’ झाला! धर्मांतर आणि तारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा साक्षीचा कणा आहे.

इथपर्यंत बहुतेक अभ्यासक येतात आणि थांबतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो साक्षीचा आधीचा भाग. कलकत्त्यात धर्मशास्त्र वाचताना काय सापडलं, ते रमाबाई तिथे सांगतात. बाकी हजार बाबतींत मतभेद असलेले ग्रंथ दोन मुद्द्यांवर एकमत होते: स्त्रिया, उच्च जातीच्या असोत की नीच मानलेल्या, जात म्हणूनच वाईट, आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष त्यांना मिळू शकत नाही. म्हणजे ‘जन्मजात पापी’ ही कल्पना रमाबाईंना मिशनऱ्यांनी शिकवली नाही. ती त्यांना घरूनच माहीत होती, फक्त ती अर्ध्याच माणसांना लागू होती.

हे लक्षात घेतलं की एक कोडं सुटतं. स्त्रीला जन्मतः पापी म्हणणाऱ्या परंपरेतून बाहेर पडलेली ही बुद्धिमान बाई सगळ्यांनाच जन्मतः पापी म्हणणारा सिद्धांत का स्वीकारते? कारण ‘सगळेच’ हा शब्द. शास्त्री, विधवा, बिशप, वेश्या सगळे एकाच ओळीत उभे. अधिकार कोणालाच नाही, म्हणून अधिकाराचा प्रश्नच उरत नाही. लंडनमध्ये फुलहॅम इथे ‘पतित’ स्त्रियांसाठी चाललेलं काम बघून त्या हलून गेल्या, आणि तिथेच त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली गेली. हा योगायोग नाही. त्यांच्यासाठी पापाचा सिद्धांत समतेचं दार होता.

पण टीका करायची तर इथेच करायला हवी. दोन मुद्दे.

पहिला मुद्दा फॉर्मचा. ‘साक्ष’ या प्रकाराला साचा असतो: आधी अंधार, मग प्रकाश. या साच्यात मधला वाद बसत नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि चर्चच्या अधिकारावर जोरदार भांडतात. आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती द्यायला त्या तयार नाहीत. साक्षीत मात्र इंग्लंडमधले अनेक पंथ बघून झालेला गोंधळ येतो, या भांडणाची धार येत नाही. कृपेने उचललेली स्त्री दिसते. प्रश्न विचारणारी स्त्री मागे जाते. म्हणून साक्ष एकटी वाचू नका. शेजारी पत्रं ठेवा.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. ‘सगळेच पापी’ हे वाक्य सत्ताधाऱ्याला खाली आणतं तेव्हा ते मुक्तिदायी असतं. पण जिच्यावर अन्याय झालाय तिलाही ते तसंच म्हटलं तर? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुलींना केडगावला नेलं. उपाशी, अनाथ, काही जणी तर अत्याचार सोसलेल्या. १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये जे धर्मजागरण झालं, त्यात याच आश्रमातल्या मुली स्वतःच्या पापांसाठी रडत होत्या. छळणारा आणि छळलेली यांना एकच शब्द लागला की अन्याय कुठे नोंदवायचा? साक्षीच्या भाषेत याला उत्तर नाही.

उत्तर थोडंफार आहे ते रमाबाईंच्या कामात. केडगावला ‘पतित’ समजल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. इथे कृपेला छप्पर आहे, जेवण आहे. पण तिथेही एक गाठ राहतेच: सगळेच सारखे पतित असतील, तर काही जणींसाठी वेगळं सदन कशाला? व्यवस्थेची सोय म्हणून असेल, तरी सिद्धांताने पुसलेली रेघ संस्थेने पुन्हा ओढली, हे नोंदवायला हवं.

आता आपल्या रिद्धपूरकडे येऊ, कारण ‘रोग कोणता’ हा प्रश्न तिथे जास्त स्पष्ट होतो. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ. जीव अनादि अविद्येने बांधलेला. देवता फळं देतील, मोक्ष नाही. तो फक्त परमेश्वर देतो, आणि त्यासाठी करुणेने अवतार घेतो. ख्रिस्ती विचाराशी साम्य चटकन दिसतं: स्वतःहून सुटणं अशक्य, आणि सोडवणारा माणूस होऊन येतो.

पण फरक बघा. इथे बंधन आहे ते अविद्येचं, पहिल्या माणसाकडून आलेल्या अपराधाचं नाही. त्यामुळे कोणी मरून किंमत चुकवावी लागत नाही. ज्ञान द्यावं लागतं, आणि मग जीवाने अनुसरण करायचं असतं. त्यात घर सोडणं, भिक्षा, नामस्मरण, खडतर आचार हे सगळं आलं. रमाबाईंच्या मांडणीत कर्म तारणानंतर फळासारखं येतं. महानुभावांकडे आचार हा वाटेचाच भाग आहे. आणि स्त्रीचा प्रश्न? ‘लीळाचरित्रा’त चक्रधर विटाळाला शरीराच्या इतर स्रावांच्या पंक्तीला बसवतात. म्हणजे रमाबाई सहाशे वर्षांनंतर ज्या भिंतीवर धडकल्या, ती इथे दुसऱ्या बाजूने पाडली होती. रमाबाईंनी दोष सगळ्यांना वाटून दिला. चक्रधरांनी तो दोष मुळात दोषच मानला नाही.

मराठीत तिसरी वाटही आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त धर्मांतराकडे नेणारी कलाटणी पापाच्या जाणिवेने येत नाही. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे त्यांना उमगतं आणि सोवळं गळून पडतं. म्हणजे एकाच काळातल्या दोन मराठी ख्रिस्ती स्त्रिया, पण रोगाचं निदान वेगळं.

मग विषय घेताना काय करायचं? शब्दांची तुलना करू नका, निदानांची करा. प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारा: माणसाचं बिघडलंय काय? ते सगळ्यांचं सारखंच बिघडलंय का? आणि बरं झाल्यावर त्याने काय करायचं? जेनी फुलर या वऱ्हाडात काम केलेल्या मिशनरी बाईंच्या १९०० सालच्या ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड’ला रमाबाईंचीच प्रस्तावना आहे. तिथे भारतीय स्त्रीवरच्या अन्यायांची नोंद आहे, सात वर्षांनंतरच्या साक्षीत पापाची. अन्यायाची भाषा आणि पापाची भाषा एकाच बाईच्या लेखनात कधी एकत्र येतात आणि कधी एकमेकींना झाकतात? अकोला-अमरावतीत बसून कोणाला विषय हवा असेल, तर हा घ्या. अजून बरंच काम बाकी आहे.