शब्दांची सोयरीक

इंग्रजींतील संशोधनपर लेखनांत कोणता शब्द कोणाशेजारीं बसतो, हें व्याकरणाच्या पुस्तकावरून कळत नाहीं. आपण लक्ष ‘देतों’. इंग्रज माणूस तें ‘पे’ करितो, जणू मोजून चुकतें करावें तसें! आपल्या पदवीधरानें ‘मेक रिसर्च’ लिहिलें, तर त्यांत व्याकरणाचा दोष दाखवितां येत नाहीं. परंतु जाणत्या कानाला तें खटकतें. या सोयरिकीला ‘कॉलोकेशन’ म्हणतात. हॅरल्ड पामर यांनीं १९३३ सालीं टोकियोंत अशा शब्दबंधांचा संग्रह सिद्ध केला. पुढें १९५१ मध्यें जे. आर. फर्थ यांनीं या कल्पनेला अर्थविचारांत स्थान दिलें. हे फर्थ पूर्वीं लाहोरास इंग्रजीचे प्राध्यापक होते, याची आठवण आपल्याकडे क्वचितच होते.

ॲकरमन व चेन यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेली अशीच एक यादी मजसमोर आहे. अडीच कोटींहून अधिक शब्दांच्या लेखनसंग्रहांतून, यंत्राची गणना व तज्ज्ञांचा निवाडा अशा दोन चाळण्या लावून, तींत २,४६९ जोड्या निवडल्या आहेत. पाठांतराच्या साधनांची टवाळी करणाऱ्यांपैकीं मी नव्हे. परभाषेंत लिहिणाऱ्याला ही शिदोरी लागतेच. माझी तक्रार निराळी आहे. यादी शब्दांचें सख्य दाखविते, त्या सख्याबरोबर येणारी जबाबदारी दाखवीत नाहीं. ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ हीच जोडी घ्या. यांतील पहिला शब्द आर. ए. फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथानें संशोधकांच्या घरोघरीं पोंचविला. मुळांत भेद नसतांहि केवळ योगायोगानें एवढें अंतर पडण्याचा संभव ठराविक मर्यादेच्या आंत आहे, एवढेंच तो सांगतो. अंतर मोठें आहे, असें नव्हे.

मध्यंतरीं एक प्रबंध परीक्षणास आला. दोन शाळांतील मुलांच्या गुणांत ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ असल्याचें त्यांत सात ठिकाणीं लिहिलें होतें. गणित एकाहि ठिकाणीं नव्हतें. तोंडी परीक्षेंत मीं विचारलें, “हें कशावरून?” उमेदवार बिचारा प्रामाणिक होता. “सर, असेंच लिहितात ना?” मीं सुचविलें, “सरासरींत तीन गुणांचें अंतर आढळलें, इतकेंच लिहा.” तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “पण सर, मग तें संशोधनासारखें वाटणार नाहीं.”