धावत्या गाडीचे वजन : पूल नेमके काय मोजतो?

‘पुलावर बसवलेले संवेदक धावत्या मालगाडीचे वजन करतात’ असे वाक्य विज्ञानविषयक लेखांत सहज येऊन जाते. वाक्य खोटे नाही. पण त्यातील ‘वजन करतात’ या शब्दांना आमची हरकत आहे.

पोलादी तुळईला चिकटवलेल्या स्ट्रेन गेजला वजन कळत नाही. गाडी वर आली की तुळई किंचित लवते, तिची खालची कड ताणली जाते आणि गेजमधील धातूच्या बारीक पट्टीचा रोध वाढतो. किती? विकृती दहा लाखांत १०० भाग धरली, तर १२० ओहमच्या गेजमध्ये सुमारे ०.०२४ ओहम. एवढासा फरक टिपायला व्हीटस्टनचा ब्रिज लागतो. पुलावर पुन्हा एक पूल! (बारावीच्या वर्गात ‘याचा उपयोग काय?’ असे कोणी विचारले, तर हे उदाहरण हाताशी असू द्यावे.) मोजमाप इथे संपते. पुढे सारे गणित आहे.

हे गणित फ्रेड मोझेस यांनी १९७९ साली अमेरिकेत मांडले, तेही ट्रकसाठी. एकक भार पुलावरून सरकताना तुळई कोठे किती वाकेल, ही प्रभावरेषा आधी ठरवायची. मग एकेका आसावर किती भार मानला, तर गणिती आलेख प्रत्यक्ष आलेखाच्या सर्वांत जवळ जातो, ते शोधायचे. रेल्वेला ही रीत अधिक मानवते. चाके रूळ सोडून इकडेतिकडे जात नाहीत आणि इंजिनाचे वजन ठाऊक असते. आपल्याकडील डब्ल्यूएजी-९ इंजिन १२३ टनांचे, सहा आसांचे. म्हणजे गाडी आपले प्रमाणित वजन बरोबरच घेऊन येते.

अडचण येते जवळजवळच्या आसांची. दोन पुस्तकांवर लवचीक पट्टी आडवी ठेवा. मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर एक जड आणि एक हलके वजन ठेवून मधला झोल मोजा. आता वजनांची अदलाबदल करा. झोल तेवढाच! मध्यबिंदूला बेरीज कळते, वाटणी कळत नाही. गाडी सरकत असल्याने वाटणी काढता येते खरी; पण बोगीतील आस २ मीटरवर आणि पुलाचा गाळा २० मीटरचा असेल, तर दोघांच्या प्रभावरेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात. मग चाकाच्या उसळीमुळे आलेली लहानशी चूकही एका आसाचा भार फुगवते, दुसऱ्याचा घटवते. गाळा लहान घेतला तर आस वेगळे ओळखू येतात, पण चाक पुलावर क्षणभरच राहते आणि उसळी सरासरीत विरत नाही.

रुळाला मात्र एकेका आसाचाच भार सोसावा लागतो. मर्यादा २५ टन, यंत्राने दाखवले २६ आणि चूक दोन टनांची असू शकते. तर वाघीण जादा भरलेली आहे का? लेखांत आकडा असतो, त्याच्या चुकीची मर्यादा नसते. आमच्या मते पुलाने संशयित वाघिणी निवडून द्याव्यात. दंड मात्र गाडी उभी करून काट्यावर ठरावा.