कविता म्हणजे साचा नव्हे

मित्रहो, तुम्ही शिरोलीची फौंड्रीवाली माणसं. वितळलेलं लोखंड ओतलं की साच्याचाच आकार येतो, हे मी तुम्हाला काय सांगावं! कवितेवरच्या चित्राकडेही आपण असंच बघतो: कविता साचा, चित्र कास्टिंग. पण तसं होतं का?

टर्नरचं 'चाइल्ड हॅरॉल्ड्स पिल्ग्रिमेज – इटली' घ्या. बायरनच्या दीर्घकाव्यावरून काढलेलं हे चित्र १८३२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं. उजवीकडे उंच पाइनचं झाड, वळत गेलेली नदी, मोडका पूल, पडके अवशेष, आणि पुढ्यात नाचण्यात दंग माणसं. आबालाल रहिमानांच्या चित्रातला रंकाळा आपण लगेच ओळखतो. ही इटली मात्र एका जागी कुठेच सापडत नाही. ती टर्नरने मनात जुळवली आहे.

बायरनचा १८१८ चा चौथा सर्ग इटलीच्या सौंदर्यावर लुब्ध आहे, तितकाच तिच्या पारतंत्र्याने अस्वस्थ आहे. उत्तर इटलीचा मोठा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. टर्नरच्या सोनेरी उन्हात ती अस्वस्थता विरघळते. पडझड देखणी दिसू लागली की तिचं कारण विचारायचं राहून जातं. रोमँटिक निसर्गचित्राचा खरा धोका हाच.

तरी हे चित्र मी मोडीत काढणार नाही. नाच चालू आहे, पण पूल तुटकाच आहे. टर्नरने तो सांधलेला नाही. बायरनचं दुःख इथे त्या तुटलेल्या कमानीत उरलं आहे. म्हणून चित्र कवितेशी ओळीओळीने ताडू नका. कवितेतला कोणता प्रश्न चित्रात शिल्लक राहिला, तेवढं शोधा.