‘अल-मुन्किझ’मधील संशय आणि पंधराचे यंत्र

इमाम अबू हामिद अल-गझाली (१०५८–११११) यांचे ‘अल-मुन्किझ मिन अद्-दलाल’ हे छोटेखानी पुस्तक आपल्याकडील अध्यापनात प्रायः दोन निमित्तांनी येते. बगदादच्या निझामिया मदरशातील मानाचे अध्यापकपद सोडून फकिरी पत्करणाऱ्या विद्वानाची कहाणी म्हणून ते सांगितले जाते, किंवा देकार्तच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी इस्लामी जगात संशयाची पद्धत होती याचा दाखला म्हणून. पहिल्या निमित्ताने श्रद्धाळू श्रोता सुखावतो, दुसऱ्याने अभिमानी. मात्र ही दोन्ही वाचने पुस्तकाच्या पूर्वार्धापाशीच थांबतात. उत्तरार्धात नुबुव्वतीच्या, म्हणजे पैगंबरत्वाच्या चर्चेत, अडलेल्या बाळंतिणीच्या पायाखाली ठेवावयाच्या एका यंत्राचा उल्लेख आहे. त्याकडे अभ्यासक सहसा वळत नाहीत, आणि वळलेच तर काळाचा दोष म्हणून सोडून देतात. तसे करणे गझालींवर अन्याय करणारे आहे, कारण ज्या कसोट्यांवर ते यंत्र टिकत नाही त्या कसोट्या त्याच पुस्तकात त्यांनीच दिल्या आहेत.

पुस्तकाचा आरंभ तकलीदच्या प्रश्नाने होतो. ख्रिस्ती मुले ख्रिस्ती म्हणून वाढतात, यहुद्यांची यहुदी म्हणून आणि मुसलमानांची मुसलमान म्हणून, हे गझालींनी पाहिले होते. प्रत्येक मूल फितरतवर जन्मते, आईबाप त्याला पुढचा धर्म देतात, ही हदीस त्यांना ठाऊक होती. पण ती ऐकून स्वस्थ बसण्याऐवजी, मग माझ्या खात्रीला आधार कोणता, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. इंद्रिये फसवतात : सावली स्थिर दिसते पण सरकत असते, तारा दिनाराएवढा भासतो पण गणित त्याला पृथ्वीहून मोठा ठरवते. मग बुद्धी तरी विश्वासार्ह कशावरून? स्वप्नात सारे खरेच वाटते. जागेपणालाही खोटे ठरवणारी एखादी अवस्था नसेल कशावरून? या विचाराने सुमारे दोन महिने त्यांना ग्रासले. त्यातून सुटका झाली ती कोणत्याही युक्तिवादाने नव्हे, अल्लाहने हृदयात टाकलेल्या नूराने, असे ते स्पष्ट लिहितात. युक्तिवादाने प्रश्न सुटला असा आव त्यांनी आणला नाही, हा त्यांचा मोठाच प्रामाणिकपणा. मात्र हा नूर अध्यापकाला वर्गात वाटता येत नाही. जे शिकवता येते ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे आहे.

त्या आधीच्या भागातच काठीचा दृष्टान्त येतो. दहा ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोणी येऊन म्हणाला की तीनच मोठी, आणि पुराव्यादाखल त्याने डोळ्यांदेखत काठीचा साप केला, तर काय करावे? गझालींचे उत्तर असे की काठीचा साप कसा झाला याचे नवल वाटेल. दहा आणि तीन यांविषयी मात्र तिळमात्र शंका येणार नाही. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर एका फकीहने हे लिहावे, यातील धैर्य लक्षात घेतले पाहिजे. चमत्कार घडला की नाही, या वादात ते शिरतच नाहीत. घडला असे धरूनही तो भलत्याच विधानाचा पुरावा होत नाही, एवढेच ते दाखवतात. बुवा-बाबांविषयीच्या आपल्याकडील बहुतेक वादांत दोन्ही बाजू हातचलाखीचा उलगडा करण्यात शक्ती घालवतात. हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो.

तीच काठी पुस्तकात पुन्हा येते. पैगंबरत्वाची खात्री कशी करावी याचे विवेचन करताना गझाली वैद्याचे आणि फकीहचे उदाहरण घेतात. जालिनूस (गॅलेन) वैद्य होता आणि इमाम शाफई फकीह होते, हे कोणाच्या सांगण्यावरून मानण्याची गरज नाही. थोडे वैद्यक आणि थोडा फिक्ह शिकून त्यांचे ग्रंथ वाचले की ते कळते. त्याचप्रमाणे नुबुव्वतीचा अर्थ समजून घेऊन कुरआन आणि हदीस यांचे मनन करावे आणि इबादतीचा अंतःकरणावर काय परिणाम होतो ते स्वतः अनुभवावे. केवळ काठीचा साप होणे किंवा चंद्र दुभंगणे यांवर खात्री बांधू नये. अनेक संलग्न पुराव्यांवाचून एवढेच पाहिले तर ती जादू वा भ्रम वाटू शकेल, अशी त्यांची सूचना आहे. मोजिजे ते नाकारत नाहीत. पण ईमानचा सारा भार त्यांवर टाकण्यास त्यांची तयारी नाही.

या दोहोंच्या मध्ये ग्रहणाविषयीचा परिच्छेद येतो. गणितामुळे दोन संकटे उद्भवतात, असे गझाली सांगतात. एक, गणिताची अचूकता पाहून विद्यार्थी तत्त्ववेत्त्यांच्या ईश्वरविषयक मतांनाही तितकेच अचूक समजू लागतो. दुसरे संकट इस्लामच्या अडाणी मित्राकडून येते. धर्माचे रक्षण करायचे म्हणून तो ग्रहणांचे गणितही खोटे ठरवतो. मग ज्याला ते गणित ठाऊक आहे तो गणितावर शंका घेत नाही. इस्लामच अज्ञानावर उभा आहे असे समजतो. येथे ते ज्या हदीसचा आधार घेतात तिच्यामागचा प्रसंग अध्यापकांनी सांगण्यासारखा आहे. पैगंबर (स.) यांचे बालक इब्राहिम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. त्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला, असे लोक म्हणू लागले. पुत्रशोकात असलेल्या पित्याने ते मानले नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे स्पष्ट सांगितले. आयता चालून आलेला चमत्कार त्यांनी परतवून लावला.

असा ग्रंथकार विज्ञानाचा शत्रू ठरवला गेला, ही इतिहासातली गंमतच. एर्नेस्ट रेनान यांनी १८८३ मध्ये पॅरिसमध्ये इस्लाम आणि विज्ञान यांचे वैर मांडले आणि जमालुद्दीन अफगाणींनी त्याला उत्तर दिले, तेव्हापासून ‘गझालींनंतर अंधार’ हे सूत्र पाठ्यपुस्तकांतून फिरत आले आहे. मराग्याची वेधशाळा १२५९ मध्ये उभारली जाऊ लागली आणि दमास्कसचे इब्न अल-शातिर चौदाव्या शतकात ग्रहगतींची नवी गणिते मांडत होते. तेव्हा या सूत्राविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आता ते यंत्र. तत्त्ववेत्त्यांना उद्देशून गझाली म्हणतात, नमाजच्या रकातींची संख्या अशीच का, असे तुम्ही विचारता, बुद्धीला उमगत नाही म्हणून नाकारता. पण बुद्धीला न उमगणारे गुणधर्म तुम्हीही मानता. अफूची अल्प मात्रा प्राण घेते. कणाएवढी वस्तू गाव भस्म करून स्वतःही नष्ट होते, असे ज्याने आग पाहिली नाही त्याला सांगितले तर तो हसेल. त्याच ओघात तिसरे उदाहरण येते. नऊ घरांचा चौकोन, त्यात एक ते नऊ अंक, उभी-आडवी-तिरपी कोणतीही बेरीज पंधरा. तो पाणी न लागलेल्या दोन कापडांवर लिहावा, अडलेल्या स्त्रीने तो पाहावा आणि पायाखाली ठेवावा, म्हणजे मूल लगेच बाहेर येते. हे ‘आजमावलेले’ आहे, असे ते लिहितात.

त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की हा युक्तिवाद प्रतिपक्षाच्याच मान्यतांवर रचलेला आहे. तुमच्या ग्रंथांत हे आहे, तुम्ही ते मानता, मग शरीयतविषयी कंजुषी का, असा त्याचा रोख आहे. पण ‘आजमावलेले’ हा शब्द प्रतिपक्षाचा म्हणून सोडून देता येत नाही, गझाली तो आपल्या लेखणीने लिहितात. कोणी आजमावले? किती स्त्रियांवर? यंत्राविना किती जणी सुखरूप सुटल्या? आग कोणीही, कोठेही, पुन्हापुन्हा पाहू शकतो. अफूचा परिणाम वैद्याला दरवेळी दिसतो. कापडाचे तसे नाही. बहुसंख्य बाळंतपणे उशिरा का होईना, आपली आपण पार पडतात आणि यश कापडाच्या नावे जमा होते. जी स्त्री दगावली तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. तिन्ही उदाहरणे एका ओळीत बसली याचे मूळ ‘तहाफुत अल-फलासिफा’च्या सतराव्या चर्चेत शोधावे लागते. कापूस आणि आग एकत्र आली की जळणे घडते ते अल्लाहच्या नेहमीच्या रीतीने. त्या दोहोंत अनिवार्य संबंध नाही, अशी तेथील भूमिका आहे. ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा पडू नये, हा हेतू उघड आहे. परंतु ‘रीत’ खरोखर रीत आहे की कानगोष्ट, हे तपासण्याचा नियम गझाली देत नाहीत, आणि त्या फटीतून कापड आत शिरते. इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी कारणांचा इन्कार म्हणजे ज्ञानाचाच इन्कार, असा जो आक्षेप घेतला तो याच ठिकाणी वर्मी लागतो. ईश्वरविषयक चर्चेत मात्र इब्न रुश्दचा विजय तितका निःसंशय नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

येथे गझालींचाच ग्रहणाचा परिच्छेद त्यांच्यावर उलटतो. नमाज आणि आखिरत यांची सत्यता त्यांनी ज्या तराजूत घातली त्याच्या दुसऱ्या पारड्यात यंत्र आहे. उद्या एखाद्या विद्यार्थिनीला यंत्र निरर्थक असल्याचे कळले, तर ती ग्रहणाचे गणित जाणणाऱ्याप्रमाणेच वागेल. यंत्रावरचा तिचा विश्वास उडेल आणि त्याच्या शेजारी मांडलेल्या नमाजवरचाही. अडाणी मित्राविषयीचा इशारा देणारा लेखक काही पानांनंतर त्याच्याच जागी जाऊन बसतो. शिबली नोमानी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘अल-गझाली’ लिहिले, इक्बालांनी मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ येथील व्याख्यानांत, जी १९३० मध्ये ग्रंथरूपाने आली, गझालींची तुलना कांटशी केली आणि विचार व अंतःप्रेरणा यांची त्यांनी केलेली फारकत अमान्य केली. ही फारकत किती महागात पडते ते या नऊ घरांच्या चौकोनात दिसते.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. पंधराचे यंत्र आपल्या बाजारपेठांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून मिळते. दर्ग्याबाहेर तावीज म्हणून आणि देवळाबाहेर यंत्र म्हणून. अंकांना धर्म नसतो हे त्यावरून कळते. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. कर्नाटकाने २०१७ मध्ये आपला केला. महाराष्ट्राच्या कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारास अटकाव करून मंत्र-गंडेदोरे करणे गुन्हा ठरवले. आखिरत मानणे-न मानणे याला त्याने हात लावला नाही. ईश्वर मानणाऱ्यांशी आपले भांडण नाही, असे दाभोलकरांची चळवळही सांगत आली. तरीही वर्गात वा सभेत तावीजाचा विषय निघाला की तो पाहता पाहता ‘दीन विरुद्ध नास्तिकता’ असा होतो, आणि ज्या घरात प्रसूतीच्या कळा बारा-पंधरा तास लांबल्या आहेत तेथील निर्णयाचा मुद्दा बाजूला पडतो.

गणिताच्या अध्यापकाला येथे सोपे काम आहे. एक ते नऊ यांची बेरीज पंचेचाळीस, ओळी तीन, म्हणून प्रत्येकीची पंधरा. मध्यभागी पाचच यावा लागतो आणि कोपऱ्यांत सम अंक. फिरवून वा आरशात पाहून मिळणारी आठ रूपे सोडली तर ही मांडणी एकच आहे. कोपऱ्यांतील दोन, चार, सहा, आठ यांची अबजद अक्षरे जोडली की ‘बदूह’ हा शब्द होतो. तावीजांवर तो दिसतो तो येथूनच. हे सारे फळ्यावर दहा मिनिटांत होते, आणि त्यासाठी कोणाच्या अकीद्याला धक्का लावावा लागत नाही.

इस्लामी तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने मात्र यंत्राच्या परिच्छेदाला लागून असलेला मजकूरही वाचून दाखवावा. तेथे गझाली एका माणसाचे चित्र काढतात. ज्योतिष्याने त्याला सांगितले आहे की सूर्य अमुक ठिकाणी असताना नवे वस्त्र घातलेस तर त्याच वस्त्रात मारला जाशील. त्या ज्योतिष्याचा खोटेपणा त्याने पूर्वी अनेकदा पाहिला आहे. थंडी कडाक्याची आहे, अंग कुडकुडते आहे, वस्त्र जवळच घडी करून ठेवले आहे. पण तो ते घालत नाही.