पाचवी चिमणी

ओळखीच्या एका घरातला तरुण मुलगा अपघातात गेला. दफनाच्या वेळी मत्तयाच्या दहाव्या अध्यायातला चिमण्यांचा उतारा वाचला गेला. वाचन संपल्यावर त्याची आई शेजारणीला हळूच म्हणाली, “म्हणजे त्यानंच पाडलं ना?” तो प्रश्न माझ्याही कानावर पडला आणि तेव्हापासून मी या एका वचनाभोवती घुटमळतो आहे.

वचनाचा आधार बाजारभाव आहे. मत्तयात एका आसारियोनला दोन चिमण्या मिळतात. आसारियोन म्हणजे दिनाराचा सोळावा हिस्सा. आणि एक दिनार म्हणजे, त्याच शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यानुसार, मजुराचा दिवसाचा रोज. लूकच्या बाराव्या अध्यायात दोन आसारियोनला पाच चिमण्या आहेत. हिशेबाने चारच यायला हव्यात. पाचवी वर घातलेली, भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते तशी. तिला किंमतच नाही. डायोक्लेशियनच्या इ.स. 301च्या दरपत्रकातही दहा चिमण्यांना सोळा दिनार आणि दहा कस्तुरांना साठ, असा फरक दिसतो. (मधल्या महागाईने दिनाराचे काय झाले होते, तेही त्यातून कळते.) चिमणी हे गरिबाचे मांस होते.

खरी अडचण पुढे आहे. मत्तयाच्या ग्रीकमध्ये चिमणी पडते ती ‘पित्यावाचून’ नाही, एवढेच आहे. पित्याच्या कशावाचून, ते लिहिलेले नाही. 1611च्या किंग जेम्स आवृत्तीने ती जागा मोकळीच ठेवली. 1946च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड आवृत्तीने तिथे ‘इच्छा’ घातली. न्यू इंटरनॅशनल आवृत्तीत 1984मध्ये ‘इच्छा’ होती, 2011मध्ये तिची जागा ‘काळजी’ने घेतली. एकाच आवृत्तीला सत्तावीस वर्षांत मत बदलावेसे वाटले, ही गोष्ट किरकोळ नव्हे. आपल्या ‘वाचून’मध्येही दोन्ही छटा आहेत. आईवाचून घर सुने होते, तेव्हा ती जवळ नसते. त्याच्या इच्छेवाचून पान हलत नाही, तेव्हा हुकूम त्याचा असतो.

मला पहिली छटा हवी होती. चिमणी पडते, पण एकटी पडत नाही, हा अर्थ त्या आईला सांगता आला असता. पण आमोसच्या ग्रीक भाषांतराने माझी पंचाईत केली. तिसऱ्या अध्यायात संदेष्टा विचारतो, पारध्यावाचून पाखरू जमिनीवर पडेल काय? ‘पडणे’, ‘जमिनीवर’, ‘वाचून’ हे सारे शब्द मत्तयाचेच. फक्त पारध्याच्या जागी पिता आला आहे. आणि पारधी तिथे सोबतीला नसतो, तोच पाखरू पाडतो. मत्तयाच्या कानात ही ओळ असेल, आणि ती नसणे मला अवघड वाटते, तर आईने वचन बरोबर ऐकले होते. कॅल्व्हिनने ‘इन्स्टिट्यूट्स’च्या पहिल्या खंडात चिमण्या आणि मोजलेले केस यांवरून योगायोगाला जागाच ठेवली नाही, ते उगीच नव्हे.

तरी मत्तयाचा संदर्भ विसरता येत नाही. हे बोलणे छळाच्या तोंडी पाठवलेल्या शिष्यांशी आहे. भाऊ भावाला मरणाच्या हवाली करील, असे थोडे आधीच सांगितले आहे. म्हणजे केस मोजलेले आहेत, याचा अर्थ डोके शाबूत राहील असा नाही. बसची वेळ चुकणे किंवा नोकरी मिळणे यांचा खुलासा या उताऱ्यातून काढणारी प्रवचने मला म्हणूनच सवंग वाटतात.

लूकने पडणेच गाळले आहे. त्याच्याकडे कोणी पाडत नाही, कोणी पडत नाही. पाचातली एकही देवासमोर विसरली जात नाही, इतकेच आहे. दोघांच्या समाईक स्रोतात मूळ रूप कोणते होते, याचा निकाल मी देऊ शकत नाही. त्या आईला ‘नाही’ म्हणायला मत्तय मला आधार देत नाही. मी तिच्याकडे गेलो, तेव्हा लूकचा उतारा घेऊन गेलो. तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, “मग पाचवी कुठली?”