काळ्या पट्ट्यांचा कैवार

घरच्या टेलिव्हिजनवर रुंद पडद्याचा चित्रपट लागला की वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि पडद्याचे दाम पूर्ण मोजूनही चित्र अपुरे मिळाले, अशी प्रेक्षकाची फिर्याद सुरू होते. फिर्याद समजण्याजोगी आहे. परंतु तीत आरोपी मात्र निरपराध आहे.

अमेरिकेत टेलिव्हिजन घरोघर पोहोचला तेव्हा चित्रगृहांचा प्रेक्षक घटू लागला. घरी मिळणार नाही असे काही त्यास द्यावे म्हणून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. विशिष्ट भिंगाने दृश्य आडवे आकसून फिल्मवर घ्यावयाचे आणि दाखविताना पुन्हा पसरावयाचे, अशी ती युक्ती. या चित्राची रुंदी पुढे उंचीच्या सुमारे २.३५ पट अशी स्थिरावली. जुन्या टेलिव्हिजनची ती १.३३ पट होती, आजच्याची १.७८ पट आहे. म्हणून सबंध चित्र दाखवावयाचे तर आजच्या पडद्याचाही सुमारे चौथा हिस्सा काळा राहतो. तो भरावयाचा तर चित्राचाच तेवढा हिस्सा कापावा लागतो. कापावयाचे नसेल तर उभे ताणावे लागते, आणि मग पात्रे विनाकारण कृश व उंच होतात.

या कापाकापीत काय जाते, ते 'कागज के फूल'वरून कळेल. १९५९ सालचा हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. दिग्दर्शक गुरुदत्त कोंकणीभाषी घरातला, छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती. ओसाड स्टुडिओत नायक-नायिका दूर उभे आहेत, वरून प्रकाशाचा तिरपा झोत उतरला आहे. त्या दोघांमधील अंतर हेच त्या प्रसंगाचे दुःख आहे. कडा कातरल्या की माणसे कदाचित उरतील, पण त्यांचे एकाकीपण उरत नाही. रिकामी जागा हा येथे चित्राचा आशय आहे.

कायद्यानेही हे तत्त्व काही अंशी मानले आहे. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याच्या कलम ५७ अन्वये, हक्क विकल्यानंतरही, आपल्या प्रतिष्ठेस बाधक अशा विद्रूपीकरणाविरुद्ध कर्त्यास दाद मागता येते. परंतु त्याच कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. गुरुदत्त स्वतः निर्माताही होता; मूर्ती त्या व्याख्येत बसत नाहीत. शासनाने त्यांना २००८ सालचा फाळके पुरस्कार दिला, तथापि त्यांच्या चौकटीच्या रक्षणाचा अधिकार दिला नाही.

तेव्हा ती जबाबदारी रसिकाकडे येते. दप्तरात बसावा म्हणून दस्ताच्या कडा कातरणाऱ्या कारकुनाला कोणी शाबासकी देत नाही. काळी पट्टी ही पानाच्या समासासारखी आहे. मजकूर पूर्ण असल्याची ती ग्वाही होय. पडदा भरून टाकणारी कळ दाबण्यापूर्वी एवढे ध्यानी असावे.